सहकाऱ्यांमधील वाद आणि ख्रिस्ती नम्रतेची रीत

तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्या माणसाला आपला सहकारी निवडता येत नाही आणि टाळताही येत नाही. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभुळगावसारख्या गावात तहसील कार्यालय, पंचायत समिती, रुग्णालय, शाळा, बँका आणि कापसाचे व्यवहार एवढाच नोकरी-धंद्याचा पसारा असतो. त्यामुळे ज्याच्याशी सकाळी टेबलावर खटका उडाला तोच माणूस संध्याकाळी बाजारात समोर येतो आणि लग्नसराईत पंगतीला शेजारी बसतो. मोठ्या शहरात बदली मागून, नोकरी सोडून किंवा नुसते दुर्लक्ष करून वाद मागे टाकता येतो. लहान गावात तो मागे पडत नाही, तो घरात शिरतो, मुलांपर्यंत पोचतो आणि पुढे पुढे मूळ कारण कोणाला आठवत नसतानाही ‘त्यांचे आणि यांचे जमत नाही’ एवढी ओळख होऊन बसतो. अशा वादांचे काय करावे, या प्रश्नाचा विचार जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेने केला आहे. ख्रिस्ती परंपरेने केलेला विचार येथे पाहण्याजोगा आहे, कारण त्या परंपरेने नम्रता या गुणाची केवळ स्तुती केली नाही, तर कोणी, केव्हा आणि कोणाकडे जायचे याची रीत घालून दिली, आणि त्या रीतीच्या दोन मोठ्या प्रयोगांचा महाराष्ट्राशी व मराठी भाषेशी थेट संबंध आहे.

या रीतीचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. शुभवर्तमान म्हणजे येशूचे जीवन व शिकवण सांगणारे पुस्तक. बायबलच्या नव्या करारात अशी चार आहेत. या अध्यायातील सूचनेप्रमाणे एखाद्याने आपला अपराध केला असेल तर ज्याला दुखावले गेले त्यानेच प्रथम त्याच्याकडे जायचे, आणि तेही एकट्याने, दोघेच असताना. त्याने ऐकले तर विषय तेथेच संपतो. ऐकले नाही तर एक-दोन जणांना सोबत घेऊन जायचे, म्हणजे जे बोलले जाईल त्याला साक्षीदार राहतात. तरीही उपयोग झाला नाही तरच गोष्ट मंडळीपुढे, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्यांच्या स्थानिक समुदायापुढे न्यायची. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, याची दुसरी बाजू आली आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्याविषयी कोणाच्या मनात काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. दोन्ही सूचना शेजारी ठेवल्या तर असे दिसते की अपराध करणाऱ्यानेही निघायचे आहे आणि अपराध सोसणाऱ्यानेही. दोघांनी ही सूचना मनावर घेतली तर त्यांची गाठ अर्ध्या वाटेवर पडावी. ‘त्याने आधी बोलावे, मग मी बोलेन’ या हट्टाला येथे जागाच ठेवलेली नाही.

या क्रमाचे महत्त्व एखाद्या जिनिंगच्या आवारात सहज लक्षात येते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, काट्यावरचा कारकून वजन घेत असतो आणि ग्रेडर कापूस मुठीत दाबून ओलावा किती, कवडी किती याचा अंदाज सांगत असतो. एखाद्या गाडीचा भाव ग्रेडरने कमी धरला, शेतकरी चिडला आणि कारकुनाने त्या शेतकऱ्यासमोरच ‘यांचा अंदाज नेहमीच चुकतो’ असे म्हटले, की वादाची ठिणगी पडते. ठिणगी लहान असते. पण ग्रेडर त्या कारकुनाशी न बोलता हमालांशी बोलतो, हमाल ते चहाच्या टपरीवर नेतात, टपरीवरून ते मालकाच्या कानावर जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर वाक्यात एखादा शब्द वाढतो. चार दिवसांनी मालक दोघांना बोलावतो तेव्हा जे भांडण मिटवायचे असते ते मूळ भांडण नसतेच. मत्तयातील पहिली पायरी नेमकी हीच वाट अडवते. ती सांगते की तिसऱ्या माणसाला कळण्याआधी दुसऱ्याला कळले पाहिजे. या पायरीला लागणारे धैर्य मोठे असते, कारण पाठीमागे तक्रार करताना माणूस आपल्या बाजूचा वकील असतो, समोरासमोर मात्र त्याला उलट उत्तर ऐकून घ्यावे लागते आणि त्या उत्तरात तथ्य निघण्याचा धोका पत्करावा लागतो. हा धोका पत्करण्याची तयारी हीच ख्रिस्ती अर्थाने नम्रता होय.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, असा समज सर्वत्र आढळतो. मराठी वाचकाला मात्र त्यापेक्षा सखोल कल्पना परिचित आहे, कारण गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांची सुरुवातच अमानित्वाने, म्हणजे मानाची हाव नसण्याने होते आणि ज्ञानेश्वरांनी त्या एका लक्षणावर विस्ताराने निरूपण केले आहे. ख्रिस्ती परंपरेत हीच कल्पना एका विशिष्ट घटनेशी बांधलेली आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या रस्त्यांवरून अनवाणी किंवा वहाणांनी चालून आलेल्यांचे पाय धुणे हे त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचे काम होते. शिष्यांपैकी पेत्राला हे सहन होत नाही, तो आधी नकारच देतो. गुरूने असे करणे त्याच्या दृष्टीने अशोभनीय असते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नम्रतेचे हे उदाहरण घालून देणारा खोलीतला सर्वांत मोठा माणूस आहे. पहिल्या ख्रिस्ती पिढीतील प्रचारक पौल याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही ख्रिस्ताच्या नम्रतेचे वर्णन वरून खाली येणाऱ्याची कृती असेच आहे: ज्याच्याकडे सर्व काही होते त्याने ते सोडून दासाचे रूप घेतले.

महाराष्ट्रात या मुद्द्याला विशेष वजन आहे. येथील ख्रिस्ती समाजात ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले अशा जातींतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकायलाच लावले गेले त्याला पुन्हा नम्रतेचा उपदेश करणे हे अन्यायाला धर्माचे पांघरूण घालणे ठरते. म्हणून कार्यालयातील वादात नम्रतेचा पहिला हप्ता कोणी भरायचा, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर स्पष्ट आहे: ज्याची खुर्ची मोठी त्याने. शिपायाने साहेबाची माफी मागणे ही नोकरशाहीतली नेहमीची गोष्ट झाली. साहेबाने शिपायाकडे जाऊन ‘त्या दिवशी माझे चुकले’ म्हणणे ही पाय धुण्याच्या जवळ जाणारी गोष्ट होय.

सहकाऱ्यांमधील वाद हा विषय नव्या करारात केवळ उपदेशापुरता नाही, नावानिशी आला आहे. फिलिप्पै हे मासेदोनियातील शहर, आणि तेथील मंडळीत युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रिया पौलाबरोबर काम करीत होत्या. त्यांच्यात बिनसले. कशावरून बिनसले हे पौल पत्रात सांगत नाही, कोणाचे चुकले हेही सांगत नाही. तो दोघींना वेगवेगळी विनंती करतो, म्हणजे एकीला बोलून दुसरीला त्यात गृहीत धरत नाही, आणि आपल्या एका विश्वासू सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. ही पत्रे मंडळी जमली की मोठ्याने वाचली जात, त्यामुळे दोघींची नावे सर्वांसमोर उच्चारली गेली असणार; परंतु त्या नावांना जोडून जे वाक्य येते ते त्यांच्या श्रमांचे आहे, भांडणाचे नाही. वाद मिटवू पाहणाऱ्या मध्यस्थाने दोन्ही पक्षांना त्यांच्या समान कामाची आठवण कशी द्यावी, याचा हा फार जुना आणि फार चांगला नमुना आहे.

या शिकवणुकीचा दैनंदिन व्यवहार ठरवण्याचे प्रयत्न पुढे मठांमधून झाले. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जे नियम लिहिले त्यात ज्याच्याशी वाद झाला त्याच्याशी सूर्य मावळण्याआधी समेट करावा, असे सांगितले आहे. आणि एकत्र राहणाऱ्यांत वादाचे काटे उगवतातच हे गृहीत धरून, क्षमा मागणारी आणि क्षमा करण्याचे वचन देणारी प्रभूची प्रार्थना मठप्रमुखाने रोज सकाळ-संध्याकाळ सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणावी, अशी तरतूद केली आहे. वाद होणारच, हे मान्य करून त्याची वेळ आधीच ठरवून ठेवणे, ही त्या नियमांतली मोलाची दृष्टी.

भारतात या दृष्टीचा सर्वांत ठळक प्रयोग बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. पुढे १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सहकारी कुटुंबांसह डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला उतरले आणि जानेवारी १८०० मध्ये कॅरी त्यांना येऊन मिळाले. कॅरी मूळचे चर्मकाम करणारे, मार्शमन शिक्षक, वॉर्ड छापखान्यातले. वेगवेगळ्या स्वभावांची ही कुटुंबे एका घरात, एका पंगतीत आणि एका तिजोरीवर राहणार होती. वॉर्ड यांनी आपल्या नोंदींत लिहून ठेवले आहे की त्यांनी अगदी प्रारंभीच दोन गोष्टी ठरवल्या: कोणीही खासगी व्यापार करायचा नाही, जे मिळेल ते कामाच्या सामाईक निधीत जाईल, आणि दर शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवडाभरात झालेले मतभेद मिटवायचे आणि परस्परांवरील प्रेमाची पुन्हा ग्वाही द्यायची. रविवारच्या उपासनेच्या आदल्या संध्याकाळी ही बैठक ठेवण्यामागे वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करण्याचीच शिकवण दिसते.

या व्यवस्थेचे बारकावे पाहिले तर तिचे शहाणपण लक्षात येते. वाद झाला की बैठक बोलवायची, असे त्यांनी ठरवले असते तर बैठक बोलावणारा माणूसच तक्रारखोर ठरला असता. वार ठरलेला असल्यामुळे कोणालाही पुढाकार घेण्याचा कमीपणा येत नव्हता. शिवाय मिळकत सामाईक असल्याने सहकाऱ्यांमधील वादाचे जे नेहमीचे कारण, म्हणजे कोणाला किती मिळते, तेच बरेचसे दूर झाले होते. कॅरी यांना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषाशिक्षक म्हणून मोठा पगार मिळू लागला तेव्हा तोही त्याच निधीत जमा होऊ लागला. ७ ऑक्टोबर १८०५ रोजी या सहकाऱ्यांनी आपल्या कामाची तत्त्वे एका लेखी करारात मांडली. अनेक वर्षे हे तिघे एकत्र राहिले, आणि ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला लागलेल्या आगीत हस्तलिखिते व टंक जळून गेले तेव्हाही फुटले नाहीत.

मराठी भाषेला या एकजुटीचे देणे आहे. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मराठी शब्दकोश १८१० मध्ये आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये श्रीरामपूरहून निघाले. या कामात फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशास्त्री यांचा आधार होता, आणि कॅरी यांनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत तो आधार नाव घेऊन मान्य केला. ज्या काळात अनेक युरोपीय विद्वानांच्या ग्रंथांमागचे देशी पंडित निनावीच राहत, त्या काळात प्रमुखाने सहकाऱ्याचे नाव छापणे ही साधी गोष्ट नव्हती. आजही कार्यालयांतील कितीतरी वाद केलेल्या कामावर दुसऱ्याचे नाव लागले, यातूनच उद्भवतात.

श्रीरामपूरची कथा येथे थांबवली तर मात्र ती खोटी होईल. पुढल्या काही वर्षांत इंग्लंडहून तरुण मिशनरी आले, त्यांत कॅरी यांचा पुतण्या युस्टेसही होता. मार्शमन यांचा वरचष्मा त्यांना जाचू लागला, ज्येष्ठांनी घालून घेतलेली सामाईक राहणी त्यांना आपली वाटेना, आणि ते कलकत्त्याला वेगळे झाले. त्यांना पाठवणाऱ्या मिशनच्या लंडनमधील समितीशी मालमत्तेच्या हक्कावरून सुरू झालेला पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चिघळत गेला आणि १८२७ मध्ये श्रीरामपूरकरांचे व समितीचे संबंध तुटले. जी माणसे दर शनिवारी समोरासमोर बसत होती त्यांच्यात दुरावा आला नाही; जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्या पत्रांतून भांडणाऱ्यांत तो आला आणि मिटता मिटेना. शिवाय ज्येष्ठांनी आपली शिस्त नव्यांसाठी पुन्हा चर्चेला खुली केल्याचे दिसत नाही. तरुणांच्या बाबतीत मोठ्या खुर्चीने आधी वाकायचे ते राहून गेले, असे म्हणणे त्या थोर माणसांवर अन्याय करणारे ठरणार नाही.

विदर्भात मिशनसंस्थांनी आपापसांतील वाद टाळण्यासाठी आधी वेगळाच मार्ग धरला, तो म्हणजे क्षेत्रवाटपाचा. नागपूरला स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे १८४५ पासून स्कॉटिश मिशन, वऱ्हाडात अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, आणि यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशन, ज्याचे भारतातील पहिले कार्यकर्ते अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये मुंबईत उतरले होते. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात जायचे नाही, या संकेतामुळे भांडणे कमी झाली, पण ती शेतात बांध घालून टाळलेली भांडणे होती. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना व धर्मशिक्षकांना शिक्षण देणारी संस्था, उभी राहिली तेव्हा वेगवेगळ्या मिशनांची माणसे एका शिक्षकवृंदात आली आणि बांधापलीकडची ओळख शेजारच्या खोलीतली झाली. ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली.

बांध काढण्याचा मोठा प्रसंग नागपूरला घडला. उत्तर भारतातील सहा मंडळ्या, त्यांत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश मेथडिस्ट आणि डिसायपल्स, यांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. त्यातील सर्वांत नाजूक प्रश्न सहकाऱ्यांच्या मानाचाच होता: बिशपच्या हातून दीक्षा मिळालेला पाळक आणि बिशप न मानणाऱ्या मंडळीत दीक्षा मिळालेला पाळक हे बरोबरीचे कसे मानायचे? एकाने दुसऱ्याकडून पुन्हा दीक्षा घ्यावी म्हटले तर त्याची आजवरची सेवा खोटी ठरत होती, आणि काहीच न करावे म्हटले तर दुसऱ्याच्या मनातील शंका राहत होती. तोडगा असा निघाला की सर्वांनीच नव्याने हस्तार्पण, म्हणजे प्रार्थनापूर्वक डोक्यावर हात ठेवून घेण्याचा विधी, परस्परांकडून स्वीकारायचे; कोणाच्या पूर्वीच्या दीक्षेत काय कमी होते याचा निवाडा करायचा नाही आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने भरून द्यावे अशी प्रार्थना करायची. ज्यांच्याविषयी कधी शंका घेतली त्यांच्यापुढे बिशपांनीही डोके नमवायचे होते. तरीही सर्वच आले नाहीत. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी, जी वाटाघाटींत मोठी भागीदार होती, तिने ऐनवेळी वेगळे राहण्याचा निर्णय घेतला.

या रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण मर्यादा न सांगता शिकवलेली नम्रता दुबळ्याच्या गळ्यात बांधलेला धोंडा होते. मत्तयातील पहिली पायरी बरोबरीच्या दोघांसाठी आहे. जिचा छळ झाला त्या स्त्रीने छळ करणाऱ्याला एकांतात जाऊन भेटावे, असा अर्थ त्यातून काढणे हा दुष्टपणा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आहे आणि लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. त्या कायद्यात समेटाला जागा आहे, पण ती तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितली तरच, आणि पैसे हा त्या समेटाचा आधार असू शकत नाही. जातीवरून झालेला अपमान किंवा हिशेबातील अफरातफर यांच्या बाबतीतही साक्षीदार आणि अधिकारी यांच्याकडे जाणे हे नम्रतेच्या विरुद्ध नाही. मत्तयातील दुसरी आणि तिसरी पायरी त्यासाठीच आहे.

क्षमा केली म्हणजे विश्वासही लगेच पूर्ववत ठेवला पाहिजे, असाही एक गैरसमज असतो. ज्याने रोकडवहीत गोंधळ केला त्याच्याविषयी मनातील कडवटपणा सोडता येतो, तरी वहीवर काही काळ दोघांच्या सह्या घेणे योग्यच असते. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल व बर्णबा या दोन जिवलग सहकाऱ्यांचा याच प्रश्नावर कडाक्याचा वाद झाल्याचे सांगितले आहे. मार्क हा तरुण पहिल्या प्रवासात पंफुल्या प्रांतात त्यांना सोडून परत गेला होता. बर्णबाला त्याला पुन्हा न्यायचे होते, पौल तयार नव्हता. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला, पौल सीला या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर वेगळ्या वाटेने गेला. पुस्तक या वादाची तीव्रता लपवत नाही आणि कोणाला दोषीही ठरवत नाही. पुढे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात मार्क पौलाजवळ असलेला दिसतो आणि तो आला तर त्याचा स्वीकार करा असे मंडळीला सांगितलेले आहे. तीमथ्य या सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर पौल कैदेतून त्याला बोलावून घेतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काला आधी बर्णबाने सोबत घेऊन काम दिले होते.